बाबांची परिक्रमा, 46 जीबी

बाबा नर्मदा परिक्रमेहून शनिवारी पहाटे परतले. दुपारी जेवणं झाल्यावर टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अगं, हा भेडाघाटपासून फोटोच घेत नाहीये नीट. जुने काही उडवले मी, तरी जागा होईना."

'उडवले' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सगळ्यात आधी गॅलरीतला ट्रॅश उघडला. सुदैवाने उडवलेले सगळे फोटो तिथेच होते. त्या टॅबमध्ये उडवलेला फोटो 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि तोवर जागाही अडवतो. म्हणूनच बाबांना जागा होत नव्हती आणि म्हणूनच फोटो वाचले होते. सगळे परत जागेवर आणले आणि मोजले. 3,412 फोटो, 187 व्हिडिओ, मिळून 46 जीबी. टॅब 64 जीबीचा, त्यातली बरीच जागा सिस्टिमची. शिल्लक एक जीबीसुद्धा नव्हती.

आमच्याकडे फोटोंचा विषय निघाला की 26 जुलै 2005 आठवल्याशिवाय राहत नाही. तेव्हा आम्ही कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी आमच्या घरात आली. पाणी ओसरल्यावर आईने लग्नाचा अल्बम उघडला, तर फोटो वरच्या प्लास्टिकला चिकटून बसलेले. सोडवायला गेलो की चेहरे प्लास्टिकबरोबर निघून यायचे. चार दिवस कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवले, पण हाती फारसं लागलं नाही. वाचले ते फक्त माझ्या बारशाचे फोटो, कारण त्यांच्या निगेटिव्ह डोंबिवलीला मामाकडे होत्या. त्याने प्रती काढायला नेल्या होत्या आणि परत द्यायच्या राहून गेल्या होत्या.

आता आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी मी घरात नॅस बसवला. नॅस म्हणजे राउटरला जोडलेला, दोन हार्ड डिस्कचा छोटा डबा. घरातल्या कुठल्याही मोबाइलवरून, लॅपटॉपवरून त्यात फायली ठेवता येतात आणि दोन्ही डिस्कवर एकच मजकूर लिहिला जातो, म्हणजे एक डिस्क बंद पडली तरी दुसरी असते. माझा आणि आईचा मोबाइल त्यावर आधीपासून होता. बाबांचा टॅब तेवढा राहिला होता.

सुरुवात अडखळतच झाली. टॅबमधल्या मूळच्या फाइल मॅनेजरला नॅस सापडेचना. शोधल्यावर कळलं की तो एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्या-घेण्याच्या भाषेची, पहिली, जुनी आवृत्ती बोलतो आणि नॅस ती आवृत्ती स्वीकारत नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये ती चालू करायचं बटण होतं, बोट तिथपर्यंत गेलंही होतं. पण 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून, हे ऑफिसात ऐकलेलं आठवलं. बटण तसंच ठेवलं आणि एसएमबी 3 समजणारं बॅकअपचं दुसरं ॲप टॅबवर घेतलं. नॅसवर बाबांच्या नावाचा वेगळा युजर केला, ज्याला फक्त त्याचंच फोल्डर दिसेल. ॲडमिनचा पासवर्ड टॅबमध्ये टाकून ठेवायचा नाही, हे मी स्वतःला आधीच बजावलेलं आहे. राउटरमध्ये नॅसचा पत्ताही कायमचा बांधून टाकला, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलू शकतो आणि ॲप शोधत बसतं.

ॲप परवानग्या मागत गेलं आणि मी भराभर दाबत गेले. फोटो वाचायची परवानगी: हो. फोटोंमधलं ठिकाण वाचायची परवानगी: नको. माझ्या ठिकाणाशी याला काय करायचंय, एवढंच मनात आलं. ही चूक मला पुढे दोन दिवसांनी कळली.

रात्री दहाला बॅकअप सुरू केला. वेग सेकंदाला 3 एमबी. म्हणजे 46 जीबीला सव्वाचार तास. होऊ दे रात्रभर म्हणून टॅब चार्जिंगला लावला आणि झोपले. सकाळी पाहिलं तर अकराव्या मिनिटाला थांबलेला. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला टॅब मागची ॲप झोपवतो. पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन 'निर्बंध नाही' केलं, मग मात्र तो चालत राहिला.

वेगाचं कारण साधं होतं. राउटर हॉलमध्ये, टॅब आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती, आणि टॅब 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवर. हे वायफाय भिंतीतून बरं जातं पण हळू असतं, शिवाय आमच्या चिकटून असलेल्या इमारतींत शेजारच्या वीसेक घरांची वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करतात. टॅब हॉलमध्ये आणून 5 गिगाहर्ट्झवर लावला. वेग 11 वर गेला आणि तिथेच खिळला. 11.2, 11.3, 11.1. आकडा इतका स्थिर दिसला की शंका आली. वायफायचा वेग असा एका जागी उभा राहत नाही, तो खालीवर होतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 मेगाबिट भागिले आठ म्हणजे साडेबारा मेगाबाइट, वरखर्च वजा जाता अकरा-साडेअकरा. म्हणजे अडथळा वायफायचा नव्हता, कुठेतरी 100 मेगाबिटची तार होती. नॅसच्या नेटवर्कच्या पानावर तेच लिहिलेलं: 100 एमबीपीएस. राउटर आणि नॅसमधली केबल शोकेसच्या पायाखाली चेपलेली सापडली. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, 100 ला चार पुरतात. एखादी जोडी तुटली तरी केबल कुरकुर न करता खालच्या वेगावर चालत राहते. दोन वर्षं ती तशीच चालत असणार.

रविवारी बॅकअप त्याच वेगात पूर्ण होऊ दिला आणि सोमवारी ऑफिसातून लवकर सुटून लॅमिंग्टन रोडला गेले. केबल विक्रोळी स्टेशनबाहेरही मिळाली असती, पण बाहेरची हार्ड डिस्क आणि छोटा यूपीएसही घ्यायचा होता. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत पाच-सात मिनिटं. दुकानदाराने दोन केबल पुढे ठेवल्या आणि म्हणाला, "ताई, ही कारखान्यात क्रिम्प केलेली घ्या. ही हाताने केलेली आहे, आज चालेल, सहा महिन्यांनी एखादी पिन सोडेल." त्याने टेस्टरला लावून आठही दिवे ओळीने लागतात हे दाखवलं, तेव्हाच पैसे दिले. यूपीएस घेतला तो 12 ऑक्टोबर 2020 ची आठवण ठेवून, जेव्हा सकाळी सगळी मुंबई अंधारात गेली होती. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवरचा मजकूर बिघडू शकतो. यूपीएस यूएसबीने नॅसला जोडला की वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो.

नवी केबल लावली आणि नॅसच्या पानावर 1000 दिसलं.

आता खरी गोष्ट. ॲप सांगत होतं, बॅकअप पूर्ण, 3,599 फायली. टॅबवरही 3,599. बाबा म्हणाले, "झालं ना? मग टॅब मोकळा करून दे, मला भजनं भरायची आहेत." मी 'हो, थांबा' म्हणाले आणि सवयीने नॅसवरच्या फोल्डरचा आकार पाहिला. साधारण दीड जीबी कमी भरत होता. संख्या सारखी आणि वजन कमी, म्हणजे कुठल्यातरी फायली अर्ध्याच होत्या.

आकारानुसार दोन्हीकडच्या याद्या समोरासमोर लावल्या आणि तीन व्हिडिओ सापडले. सुरुवातीला तीनदा बॅकअप तुटला होता, त्या प्रत्येक वेळी जो व्हिडिओ मधोमध होता तो तसाच अर्धा पडून राहिला. ॲप पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याने फक्त नाव पाहिलं, 'ही फाइल आहे' म्हणालं आणि पुढे गेलं. त्यातला एक व्हिडिओ विमलेश्वरहून मिठी तलाईला जाणाऱ्या होडीचा होता. परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, त्यामुळे दक्षिण तटावरून उत्तर तटावर जायचं तर तिच्या मुखापाशी समुद्रातून जावं लागतं. भरतीची वेळ पाहून होडी सुटते. बाबांच्या अख्ख्या प्रवासातला तो त्यांचा जिवाचा व्हिडिओ, आणि नॅसवर तो उघडतच नव्हता. अशा व्हिडिओची अनुक्रमणिका बऱ्याचदा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते, शेवट नसेल तर आधीचं असूनही काही दिसत नाही. टॅब मोकळा केला असता तर तो कायमचा गेला होता.

ॲपच्या सेटिंगमध्ये 'नाव आणि आकार दोन्ही तपासा' निवडलं, तिन्ही व्हिडिओ पुन्हा गेले, आकडा जुळला. होडीचा व्हिडिओ नॅसवरून शेवटपर्यंत चालवून पाहिला.

तेवढ्यावर थांबणार होते. पण बाबांनी एका फोटोवर बोट ठेवलं. संध्याकाळचा घाट, पायऱ्यांवर तीन दिवे, मागे वडाचा पार. "हा कुठला बरं? गरुडेश्वरच्या आधीचा की नंतरचा?" गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी, ती त्यांना पक्की आठवत होती, पण हा घाट काही केल्या आठवेना. मी म्हटलं, नकाशावर बघू, फोटोत ठिकाण असतंच. नॅसचं फोटोचं ॲप उघडलं, नकाशा काढला. नकाशा कोरा. 3,412 पैकी एकाही फोटोला ठिकाण नाही.

टॅबवर तोच फोटो उघडला तर तिथे ठिकाण होतं. टॅब सिमकार्डाचा, त्यात जीपीएस आहे. नुसत्या वायफायच्या बऱ्याच टॅबमध्ये ते नसतं. मग वाटेत गेलं कुठे? अँड्रॉइड 10 पासून ज्या ॲपला फोटोतलं ठिकाण वाचायची वेगळी परवानगी नाही, त्याला सिस्टिम फोटो देताना ठिकाण पुसून देते. ही आपल्या खासगीपणाची चांगली सोय आहे, पण बॅकअपच्या ॲपला ती नाकारली की फोटो जातो आणि जागा मागे राहते. फाइलचा आकारही बदलत नाही, ठिकाणाच्या जागी नुसती शून्यं भरली जातात. म्हणजे संख्या मोजून, आकार जुळवूनही हे मला कधीच कळलं नसतं. बाबांनी वही ठेवली नव्हती. कुठला फोटो कुठल्या गावचा, हे सांगणारं त्या टॅबशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

नॅसवरचं फोल्डर बाजूला ठेवलं, ॲपला ती परवानगी दिली आणि सगळं पुन्हा पाठवलं. या वेळी हॉलमध्ये टॅब राउटरजवळ, नवी केबल, वेग 20 च्या आसपास. तासाभरात झालं. संख्या पाहिली, आकार पाहिला आणि मग ओंकारेश्वर, महेश्वर, अमरकंटक, असे प्रवासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतले वीस फोटो उघडून प्रत्येकाची तारीख आणि ठिकाण पाहिलं. जुनं फोल्डर त्यानंतरच काढलं.

बरोबरच्या यात्रेकरूंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या 600 फोटोंना मात्र ठिकाण नाहीच. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना ही माहिती काढून टाकतं आणि फोटो लहानही करतं. फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो काढल्याची नव्हे, आल्याची. ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. ज्यांचे फोटो हवेच आहेत अशा दोघांना बाबांनी फोन करून 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगितलं, तसे पाठवले की मूळ फाइल येते.

मंगळवारी रात्री नकाशा पुन्हा उघडला आणि टॅब बाबांच्या मांडीवर ठेवला. ठिपक्यांची एक ओळ ओंकारेश्वरपासून पश्चिमेला, दक्षिण तटाने. दुसरी ओळ भरूचहून परत पूर्वेला, उत्तर तटाने. मध्ये कुठेही नदी ओलांडलेली नाही. आणि डाव्या टोकाला, खंबातच्या आखातात, निळ्या पाण्यावर आठ-दहा ठिपके. बाबा बराच वेळ त्या ठिपक्यांकडे पाहत होते. मग त्यांनी तो घाट शोधला. गरुडेश्वरच्या आधीचा निघाला, नारेश्वरजवळचा. "हां, इथे रात्री एका घरी आम्हाला खिचडी वाढली होती," म्हणाले, आणि त्या घरातल्या माणसांबद्दल आईला सांगत बसले.

नॅसमधल्या दोन डिस्क म्हणजे दोन बॅकअप नव्हेत, हे मी घरात सगळ्यांना सांगते. एका डिस्कवरून चुकून काही उडवलं तर त्याच क्षणी दुसरीवरूनही उडतं, आणि घरात पाणी आलं तर दोन्ही एकाच डब्यात असतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम मला 2005 नंतर कुणी समजावून सांगावा लागला नाही. बाहेरची डिस्क एक्सफॅटमध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या एका पद्धतीत, फॉरमॅट केली, कारण मामाचा लॅपटॉप विंडोजचा आहे आणि जुन्या फॅट32 मध्ये 4 जीबीची एक फाइल मावत नाही. नॅसवरचं सगळं तिच्यावर उतरवलं, वर चिकटपट्टीवर तारीख लिहिली.

रविवारी आम्ही तिघं डोंबिवलीला गेलो. मामाने डिस्क कपाटात ठेवायला हात पुढे केला, पण मी आधी त्याच्या लॅपटॉपला लावायला लावली. होडीचा व्हिडिओ उघडला. होडीत माणसं दाटीने बसलेली, कुणीतरी "नर्मदे हर" म्हणतं आणि सगळे मागून म्हणतात. मामा उभ्यानेच पाहत होता, मग खुर्ची ओढून बसला. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, होडी उत्तर तटाला लागेपर्यंत. मग मामाने डिस्क काढली, पिशवीत गुंडाळली आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. त्याच दिवशी रात्री घरी आल्यावर मी बाबांचा टॅब मोकळा केला.