लेजर बॅटरी भरत नाही? नवी आणण्याआधी वायर मोजा

ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकातलं, फियाट डुकाटोवर बांधलेलं मोटरहोम सेकंडहँड घेतलं की एक तक्रार हमखास कानावर येते. दिवसभर गाडी चालवली, तरी रात्री दिवे मंद आणि पाण्याचा पंप कण्हतोय. मग ११० अँपिअर-अवरची नवी लेजर (leisure) बॅटरी, म्हणजे राहण्याच्या भागाची मागची बॅटरी, आणली जाते आणि थोड्याच दिवसांत तीही तशीच वागते. कारण करंट तिच्यापर्यंत पुरता पोचतच नसतो.

तरी सुरुवात बॅटरीपासूनच करा, म्हणजे तिचा प्रश्न मिटतो. चार्जर, सोलर आणि सगळे दिवे बंद ठेवून चार-पाच तास जाऊ द्या, मग टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२.० च्या खाली म्हणजे उपाशी. चार्जिंग थांबवल्याबरोबर दिसणारा आकडा फुगलेला असतो, त्यावर जाऊ नका. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटर, म्हणजे आम्लाची घनता मोजणारी नळी, लावा. सगळे सेल १.२७ च्या आसपास आणि एकच ०.०५० ने खाली असेल, तर ती गेली. डिस्टिल्ड वॉटरचं गणित घरच्या इन्व्हर्टरसारखंच आहे: प्लेट उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच पाणी, बाकीची लेव्हल चार्जिंगनंतर.

आता इंजिन चालू करून आरपीएम १५०० च्या वर ठेवा. इंजिनच्या बॅटरीवर १४ ते १४.४ दिसलं, तर अल्टरनेटर ठीक आहे. लगेच मागच्या बॅटरीवर मोजा. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वाटेत व्होल्टेज हरवतंय. इथे एक गोम आहे. मागची बॅटरी भरलेली असेल तर वायरमधून करंट फारसा वाहत नाही आणि कुजका जोडही मीटरवर ठणठणीत दिसतो. म्हणून ही चाचणी अर्धी उतरलेली बॅटरी आणि चालू दिवे अशा स्थितीतच करा.

मागे १२.५ च्या आसपास अडकलं असेल, तर बहुधा स्प्लिट-चार्ज रिले, म्हणजे इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच, ओढत नाहीये. त्याच्या ८५ आणि ८६ या पिनांत कॉइल असते, ३० आणि ८७ मध्ये मुख्य करंट. इंजिन चालू असताना ८५-८६ मध्ये व्होल्टेज शून्य असेल, तर अल्टरनेटरच्या डी-प्लस (D+) टर्मिनलकडून येणारी बारीक वायर किंवा रिलेची अर्थिंगची वायर तुटलीय. कॉइलला व्होल्टेज मिळतंय, पण ३० आणि ८७ मध्येच ०.२ च्या वर फरक दिसतोय, तर कॉन्टॅक्ट जळलेत. रिले बदला, घासत बसू नका.

रिले ठीक निघाला की प्रत्येक तुकडा वेगळा मोजा: फ्यूज होल्डरच्या दोन्ही टोकांवर, मग दोन्ही बॅटऱ्यांच्या मायनसमध्ये. हा मायनस बहुतेक जण विसरतात. चेसिसवरचा बोल्ट रंग आणि गंजाखाली गेलेला असतो. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. प्लास्टिक वितळलेला फ्यूज होल्डर सरळ फेकून द्या. वायरच बारीक असेल तर मात्र घासून भागत नाही. ५ मीटर लांबीच्या २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरमध्ये १५ अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो. १० स्क्वेअर एमएम टाकली की तोच तोटा ०.१३ वर येतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, आणि काम करताना मायनस आधी काढा.

हूक-अपवर, म्हणजे बाहेरून केबलने घेतलेल्या २३० व्होल्टच्या विजेवर, भरत नसेल तर पॅनलवरचा बॅटरी निवडायचा स्विच आधी बघा; तो इंजिनच्या बॅटरीकडे फिरलेला असणं नेहमीचंच. जुने चार्जर बरेचदा १३.८ व्होल्टवर अडकवलेले असतात. त्यावर बॅटरी रेंगाळत भरते आणि सतत अर्धवट राहून प्लेटांवर सल्फेट धरते. १४.४ पर्यंत जाऊन मग खाली उतरणारा तीन टप्प्यांचा चार्जर बसवणं हा माझ्या मते या गाड्यांवरचा सगळ्यात वसूल होणारा खर्च. चार्जरच्या डब्यात २३० व्होल्ट असतात, तेव्हा उघडण्याआधी हूक-अपची केबल बाहेरून काढा.

एवढं करूनही सकाळी बॅटरी उतरलेली असेल तर फ्रिजकडे बघा. १२ व्होल्टवर तो सुमारे १० अँपिअर खातो आणि तो फक्त इंजिन चालू असतानाच चालायला हवा. त्याचा रिले चिकटला तर आठ तासांत ८० अँपिअर-अवर गेले. फ्रिज निर्दोष असेल तर सगळं बंद करून मायनसमध्ये अँपमीटर जोडा, १० अँपिअरच्या रेंजवर. अलार्म आणि रेडिओ मिळून ५० मिलीअँपिअर खात असतील तरी महिन्याला ३६ अँपिअर-अवर होतात. हिवाळाभर दारात उभ्या गाडीला म्हणूनच महिन्यातून एकदा, किमान २४ तास हूक-अप द्यावं लागतं.