एका वेळी तीन प्रेमकादंबऱ्या

प्रेमकादंबरीचा शेवट पहिल्या पानापासून ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार. नाही आले तर वाचक पुढच्या वेळी त्या लेखिकेच्या वाटेला जात नाही. म्हणूनच या कादंबऱ्या एकाच वेळी दोन-तीन चालवता येतात. रहस्यकथेत एक दुवा विसरला की मजा गेली. इथे मात्र घोडं कुठे अडलंय एवढं लक्षात असलं की पुरे. पुस्तकं निवडतानाही तेच बघायचं.

बरेच जण काळ आणि ठिकाण बघून निवडतात: एक ऐतिहासिक, एक आजच्या ऑफिसातली. आणि दोन्हींत निघतं लटकं लग्न! चार दिवसांनी आठवत नाही की आत्याला संशय आला तो नक्की कुठल्या पुस्तकात. पोशाख वेगळे असले तरी गाठ एकच असेल तर गोंधळ ठरलेला. एकीत घरच्यांचा विरोध, दुसरीत तुटलेलं जुनं प्रेम, तिसरीत हाडवैर अशी जुळणी घ्या. मग तिन्ही एकाच काळातल्या असल्या तरी चालतात.

आकडा तीन. एका कादंबरीत दोघं मुख्य, एक जिवलग मैत्रीण, एखादा माजी प्रियकर आणि घरचे दोघं-तिघं धरले तर सहा-सात नावं होतात. तिन्हींची मिळून वीसेक, तेवढी डोक्यात राहतात. त्यात रीजन्सी काळातली, म्हणजे १८११ ते १८२० च्या इंग्लंडातली कादंबरी असेल तर हिशेब वाढतो, कारण नायकालाच तीन नावं: जगासाठी सरदारकीचा किताब, कागदोपत्री आडनाव, आणि नायिकेच्या तोंडी फार उशिरा येणारं पाळण्यातलं नाव. अशी एकच ठेवावी आणि तिच्या जोडीला कमी माणसांची पुस्तकं घ्यावीत. एकाच मालिकेतली दोन पुस्तकं तर नकोच. धाकट्या बहिणीच्या पुस्तकात थोरली कडेवर बाळ घेऊन येते आणि तिकडे तुमच्या दुसऱ्या पुस्तकात ती अजून नवऱ्याचं तोंड बघायला तयार नसते.

एक प्रकरण तिचं, एक त्याचं, दोन्ही ‘मी’ने सांगितलेली: अशीही एका वेळी एकच. ‘मी दार उघडलं’ यावरून कोण बोलतंय ते कळत नाही. मराठीत निदान पुढच्या एखाद्या ओळीत ‘मी आत गेले’ येतं आणि सुटका होते. इंग्रजी क्रियापद तेवढीही मदत करत नाही. पानं उलटत मथळ्यावरचं नाव शोधावं लागतं.

तिन्ही एकाच दिवशी सुरू करणं ही सगळ्यात मोठी चूक. बहुतेक आजच्या कादंबऱ्यांत ताटातूट ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास येते. ३२० पानांत साधारण २४० ते २५५ पानांवर. तिन्ही बरोबर चालवल्या तर एकाच आठवड्यात तीन जोडपी रडत बसतात आणि कुणाचंच दुःख नीट लागत नाही. पहिली निम्मी झाल्यावर दुसरी उघडावी. नव्या पुस्तकाची पहिली ५० पानं सलग वाचावीत, कारण नावं, जुनी अढी आणि दोघांची लपवाछपवी तिथेच रुजते. आणि कुठल्याही पुस्तकात ताटातूट आली की बाकीची दोन बाजूला ठेवून तेच संपवावं. उरलेली पासष्ट ते ऐंशी पानं एका बैठकीत होतात.

टक्क्यांवर आंधळा विश्वास नको. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची ६१ प्रकरणं आहेत आणि नायक डार्सीची लग्नाची पहिली मागणी नायिका ३४व्यातच धुडकावते. ३५व्यात त्याचं पत्र, ३६व्यात तिचं ते पुन्हा पुन्हा वाचणं. या तिन्हींच्या मध्ये दुसरं पुस्तक हातात घेणं म्हणजे शुद्ध करंटेपणा. ई-बुकमध्ये शेवटी पुढच्या पुस्तकाचा नमुना चिकटवलेला असला तर गोष्ट ९० टक्क्यांवरही संपू शकते. अनुक्रमणिकेत शेवटचं प्रकरण कुठे आहे ते आधीच बघून ठेवावं.

थांबायचं कुठे? प्रकरणाच्या शेवटी नाही. तिथे दार वाजतं, नाहीतर पत्र सापडतं, आणि ते डोक्यात घेऊन दुसऱ्या पुस्तकात शिरलं की तिथलं काही वाचलं जात नाही. पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचून, दार कुणी वाजवलं ते कळल्यावर मिटवावं.

खूणपट्टी जाड कागदाची हवी आणि तिच्यावर तीन ओळी: कोण काय लपवतंय, ते कुणाकुणाला कळलंय, आणि दोघं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात. तिसरी ओळ क्षुल्लक वाटते, पण मराठी कादंबरीत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं की अर्धी गोष्ट तिथेच घडलेली असते. ते पान नोंदवून ठेवावं.

एकाच दिवशी दोन वाचायच्या असतील तर संथ कादंबरी आधी. जिच्यात दीडशेव्या पानावर तो तिचा हातमोजा काढतो आणि मनगटाला बोट लागतं, ती तिसऱ्याच प्रकरणात बिछान्यापर्यंत पोचलेल्या कादंबरीनंतर उघडली तर तो हातमोजा नुसता हातमोजाच राहतो. कानाने ऐकायची असेल तर संवादांची, थोड्या पात्रांची निवडावी. आणि इअरफोन खरंच जोडलेत ना ते एकदा तपासावं.

मिल्स अँड बूनसारख्या छोट्या, साधारण ५० हजार शब्दांच्या कादंबऱ्या या फेऱ्यात घेऊच नयेत. चारेक तासांचं काम असतं, मधल्या रिकाम्या संध्याकाळी उरकतं. आणि दहा दिवस हात न लागलेलं पुस्तक? दोघं शेवटचे समोरासमोर आले होते तिथपासून २० पानं पुन्हा वाचावीत. तरीही पुढचं पान उलटावंसं वाटलं नाही तर खूणपट्टी काढून घ्यावी, नव्या पुस्तकाला लागेल.