लाल जर्सी

ऑगस्टचा शेवट जवळ आला होता, पहिल्या सामन्याला तेरा दिवस होते आणि आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे दर डावात चेंडू हातात घेऊन तो फेकणारा किंवा पळणाऱ्याला देणारा खेळाडू, ठरत नव्हता. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं व्हिडिओ आणि आकडेवारीचं काम मी करतो. सांगलीहून आलो तो संख्याशास्त्र शिकायला; हा खेळ इथेच शिकलो. आम्ही डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत, खेळतो. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे जी मुलं येतील त्यांच्यातूनच संघ उभा करायचा.

मुलं दोन होती. बारा नंबर उंच, हात विलक्षण. चाळीस यार्डांवर धावणाऱ्याच्या खांद्यावरून चेंडू अलगद ओंजळीत सोडायचा. सात नंबर बुटका आणि चपळ, पण पास कधी कधी डगमगायचा. तीन आठवड्यांचा प्रत्येक पास मी मोजला होता आणि बारा नंबर सरळ पुढे होता. शुक्रवारी रात्री तसा रिपोर्ट मी कोचना पाठवला.

शनिवारी सकाळी गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्याचं फुटेज लावत होतो. बारा नंबर पास टाकायला मागे सरकलाय. डावीकडच्या लाइनमनला, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या पाच जणांतल्या एकाला, चुकवून बचावपटू त्याच्या हाताभर अंतरावर आलाय. आणि तिथे बचावपटू दोन्ही हात वर करून बाजूला वळतो. कारण सरावात क्वार्टरबॅक लाल जर्सी घालतो आणि लाल जर्सीला धडक द्यायची नाही. चेंडू सुटतो, झेलला जातो. माझ्या तक्त्यात तो यशस्वी पास होता. खऱ्या सामन्यात तो पोरगा जमिनीवर असता.

सात नंबरचं नेमकं उलट. तो पळत सुटायचा, कुणाचा तरी हात पाठीला लागायचा आणि शिट्टी. कबड्डीसारखं, हात लागला की बाद! फुटबॉलमध्ये हात लागल्याने कोणी पडत नाही, धरून पाडावं लागतं. आमच्या सरावाचा नियमच एकाला झाकत होता आणि दुसऱ्याला मारत होता, आणि तीन आठवडे ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग घड्याळ लावून बसलो. आमची लाइन जेमतेम अडीच सेकंद टिकत होती. बारा नंबरच्या सुंदर लांब पासांना तीनहून जास्त लागत होते. गेल्या हंगामातले सात नंबरचे थोडेसे सामनेही पुन्हा काढले. कॉलेज फुटबॉलमध्ये सॅक झाल्यावर, म्हणजे पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडल्यावर, गेलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात. ते वेगळे काढल्यावर त्याचं धावणं भलतंच चांगलं दिसायला लागलं.

दुपारच्या मीटिंगमध्ये मी आधी सांगितलं, "कोच, माझा कालचा रिपोर्ट चुकलाय." मग क्लिप लावल्या. आक्रमणाचे कोच तापले. सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या मधल्या लाइनमनच्या, लगेच मागे उभा राहणारा, खोल मागे जाऊन लांब फेकणारा क्वार्टरबॅक, अशीच सगळी आखणी त्यांनी वसंतातल्या सरावापासून केली होती. लाइनचे कोच मात्र शांतपणे म्हणाले, "माझी पाच पोरं तीन सेकंद उभी राहणार नाहीत. त्यांना एक माणूस कमी अडवायला द्या."

झोन रीड नावाच्या डावात नेमकं तेच होतं. बचावाच्या रांगेतल्या टोकाच्या खेळाडूला मुद्दाम मोकळं सोडायचं आणि क्वार्टरबॅकने त्याच्यावर नजर ठेवायची. तो रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूकडे, झेपावला की चेंडू स्वतःकडे ठेवून पळायचं, थांबला की देऊन टाकायचा. रिच रॉड्रिग्ज यांनी ही रीत १९९० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रुजवली. शिवाय प्रत्येक डाव ज्या दोन खुणांच्या मध्ये किंवा त्यांच्यावर सुरू होतो त्या हॅश मार्कमधलं अंतर कॉलेजच्या मैदानावर ४० फूट असतं, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा. त्यामुळे चेंडू कडेच्या हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला पळणाऱ्याला मोठं रान मिळतं.

"तेरा दिवसांत बदलायचं?" आक्रमणाचे कोच म्हणाले.

"अलाबामाचे तेव्हाचे कोच सेबन यांनी २०१८ च्या कॉलेज अंतिम सामन्यात मध्यंतराला क्वार्टरबॅक बदलला," मुख्य कोच म्हणाले. "अलाबामा १३-० मागे होती. २६-२३ जिंकली."

"त्यांनी पळणाऱ्याला बसवून फेकणारा आणला होता," आक्रमणाचे कोच म्हणाले.

"त्यांच्याकडे तशी लाइन होती," मुख्य कोच म्हणाले.

त्यावर कुणी काही बोललं नाही. सात नंबर ठरला.

संध्याकाळी बारा नंबर व्हिडिओच्या खोलीत आला. कोचनी त्याला सांगितलं होतं. एकोणीस वर्षांचा मुलगा, डोळे लाल. मला वाटलं, रिपोर्टचा जाब विचारेल. त्याने खुर्ची ओढली आणि घड्याळ लावलेल्या क्लिप मागितल्या. एकेक पाहत गेला. बचावपटू हात वर करून वळला की स्वतःच थांबवायचा.

"इथे मी पडलो असतो," म्हणाला. पुढची लावली. "इथे पण."

चौदाव्या क्लिपनंतर त्याने वही काढली आणि त्या प्रत्येक पासाला चेंडू किती सेकंदांनी सुटला, ते मला विचारून लिहून घ्यायला लागला.