सोलापुरात पंखावरची हवा मोजताना: माझा अनुभव

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आम्ही विमानाच्या पंखाच्या छोट्या नमुन्यावरून हवा कशी वाहते ते मोजायला घेतलं, पीआयव्हीने, म्हणजे पार्टिकल इमेज व्हेलोसिमेट्रीने. हवेत बारीक कण सोडायचे, लेझरच्या पातळ हिरव्या पडद्यात त्यांचे लागोपाठ दोन फोटो घ्यायचे आणि कण किती सरकले त्यावरून वेग काढायचा. मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी एनडी-याग लेझर असतो. त्याचा एकेक झोत काही नॅनोसेकंदांचा, दोन झोतांमधलं अंतर काही मायक्रोसेकंदांचं. ते आमच्या आवाक्याबाहेर. आमच्याकडे ५३२ नॅनोमीटरचा सलग चालणारा लेझर, झोत पसरून त्याचा पडदा करायला काचेची कांडी आणि सेकंदाला १००० फ्रेमचा मागून आणलेला कॅमेरा.

त्यामुळे विंड टनेलमधल्या, म्हणजे ज्या बोगद्यात पंखावर हवा सोडतात त्यातल्या, हवेचा वेग सेकंदाला २ मीटरच ठेवला. दोन फ्रेममध्ये कण २ मिलिमीटर, म्हणजे आमच्या चित्रात १२ पिक्सेल सरकतो. चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकातला वेग काढतात, त्या चौकोनाला खिडकी म्हणतात. आमची खिडकी ६४ पिक्सेलची, आणि सरकणं तिच्या पावपटीच्या आत असावं लागतं. गणित जमलं.

लेझरचं सगळ्यांना कौतुक, पण खरा जीव खाल्ला धुराने. स्मोक मशीन मंडपवाल्या काकांकडून भाड्याने आणायचं होतं. "गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) होऊ दे, मग ने," म्हणाले. जत्रा संपल्यावर मिळालं. नळीतून धूर सोडला की त्याचे पट्टे दिसायचे. बघायला झकास, मोजायला बिनकामाचे. प्रत्येक खिडकीत सुटे सुटे पाच-दहा कण हवेत. शेवटी आख्खी खोली धुराने भरली, तो सगळीकडे सारखा पसरू दिला आणि मग टनेल सुरू केलं. छताचा पंखा बंद, खोलीच्या खिडक्यांना काळा कागद, डोळ्यांवर लेझरचे गॉगल, मनगटावरची घड्याळं काढलेली. फेब्रुवारीतही घामाच्या धारा. त्यात चादरीच्या कारखान्यांचं हे गाव, कापसाचा तंतू पडद्यात आला की मोठा पांढरा ठिपका! असले जड कण हवेबरोबर नीट वळत नाहीत, म्हणून त्या फ्रेम बाद.

पंखाचा आकार नाका ००१२ (NACA 0012, वरून-खालून सारखा असलेला एक प्रमाणित आकार), पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत रुंदी १०० मिलिमीटर. रेनॉल्ड्स अंक (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा, प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) जेमतेम १३ हजार, खऱ्या विमानाचा लाखांत-कोटींत. त्यामुळे आमचे आकडे विमानाला लावायची सोय नाही. इतक्या कमी अंकाला ४ अंशांच्या कोनातच मागच्या कडेजवळ हवा पृष्ठभाग सोडू लागली. १२ अंशांना पंखाच्या पाठीवरचे, हवेची दिशा दाखवणारे बाण चक्क उलटे, पुढच्या कडेकडे तोंड करून! ते स्क्रीनवर पाहिल्यावर सर पण खुर्ची ओढून बसले.

लेझर वरून, त्यामुळे पंखाखाली सावली. तिथलं काहीच मोजलं नाही. काळा मॅट रंग देऊनही पृष्ठभाग चमकायचाच. तिथले दोन-तीन मिलिमीटरमधले बाण अहवालातून सरळ काढून टाकले.