काट्याचा मीटर आणि नऊ व्होल्ट

कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, किती वेळात चार्ज होतो, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. लातूर भागातल्या डाळमिलांमध्ये मोटारींचे ड्राइव्ह, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारी यंत्रं, बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. त्याचं फिजिक्स मी डिप्लोमाला शिकलो असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे ते मी आपल्या शाळेच्या लॅबमध्ये, बारावीत असताना शिकलो.

आमच्या सरांनी गंजगोलाईच्या बाजारातून रेडिओ दुरुस्तीचं सामान आणलं होतं. 1000 मायक्रोफॅरडचे, 25 व्होल्टचे कॅपॅसिटर आणि पिवळ्या-जांभळ्या-नारिंगी पट्ट्यांचे 47 किलोओहमचे रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारे रोध. नऊ व्होल्टच्या बॅटरीने रेझिस्टरमधून कॅपॅसिटर भरायचा आणि कॅपॅसिटरवर मीटर लावायचा. जर्नलमध्ये हा प्रयोग नव्हता, तो सरांचा स्वतःचा. बॅटरी जोडण्याआधी ते प्रत्येक टेबलाशी येऊन कॅपॅसिटरची मायनसची पट्टी योग्य बाजूला आहे ना, हे वाकून बघायचे. मग एकाने घड्याळाकडे बघून दर दहा सेकंदांनी ओरडायचं, दुसऱ्याने मीटर वाचायचा, तिसऱ्याने लिहायचं.

पहिल्या दहा सेकंदांत व्होल्टेज दीडच्या वर गेलं. दोन मिनिटांनंतर मात्र दहा सेकंदांत पाव व्होल्टही वाढेना. सर म्हणाले, टाकीच्या तळाला नळी लावून शेजारचा हौद भरा; हौदातली पातळी वर येईल तशी धार मंद होत जाते. करंट वाहतो तो बॅटरी आणि कॅपॅसिटर यांच्या व्होल्टेजमधल्या फरकामुळे, आणि तो फरकच कमी होत जातो. रेझिस्टरचे ओहम आणि कॅपॅसिटरचे फॅरड यांचा गुणाकार केला की सेकंद येतात. आमच्या जोडणीत 47. तेवढ्या वेळात कॅपॅसिटर 63 टक्के भरतो आणि त्याच्या पाचपट वेळात 99 टक्क्यांच्या पुढे जातो. आमचं उत्तर पन्नाशीच्या पुढे आलं, कारण असल्या कॅपॅसिटरची खरी किंमत छापील आकड्यापेक्षा 20 टक्के कमी-जास्त असू शकते. सरांनी ते उत्तर खोडू दिलं नाही.

रेझिस्टर 22 किलोओहमचा लावला, वेळ निम्म्याहून खाली आला. दोन कॅपॅसिटर समांतर जोडले, वेळ दुप्पट झाला. हे सगळ्यांना अपेक्षित होतं. वर्गात वाद पेटला तो बॅटरीवरून. दोन बॅटऱ्या लावून 18 व्होल्ट दिले तर लवकर चार्ज होईल की नाही? निम्मा वर्ग हो म्हणाला, निम्मा नाही. सर म्हणाले, "भांडायलाव कशाला? आधी कुठवर भरायचाय ते ठरवा." पूर्ण व्होल्टेजच्या 63 टक्क्यांपर्यंत जायला तेवढाच वेळ लागतो, बॅटरी कितीही मोठी असो. पण 5.7 व्होल्टचा ठरावीक टप्पा गाठायचा असेल, तर हिशोबाने 47 ऐवजी जेमतेम 18 सेकंद पुरतात. दोन्ही बाजू बरोबर होत्या, प्रश्न वेगवेगळे होते. आजही गिऱ्हाईक 'चार्ज झाला का?' विचारतं तेव्हा मी आधी 'किती व्होल्टपर्यंत?' असं विचारतो.

त्याहून मोलाची गोष्ट मीटरची. एका टेबलावर काट्याचा मीटर होता, त्यांचा आकडा सातच्या थोडा वर जाऊन थांबला. बॅटरी नवी, जोडणी पक्की. सरांनी मीटर उलटा करून त्यावरचा रोध वाचायला लावला. दहा व्होल्टच्या रेंजवर तो 200 किलोओहम भरला. म्हणजे कॅपॅसिटरमध्ये जाणाऱ्या करंटचा काही वाटा मीटरच घेत होता. रेझिस्टरचे 47 आणि मीटरचे 200 मिळून 247. 9 गुणिले 200 भागिले 247: 7.3 व्होल्ट. पाच मिनिटं थांबा नाहीतर तासभर, त्यापुढे काटा जाणारच नव्हता. फळ्यावर हा भागाकार आला आणि काटा नेमका तिथेच उभा दिसला, तेव्हाचा आनंद मला शब्दांत मांडता येत नाही. जुन्या कॅपॅसिटरमधली गळतीही अशीच वागते.

डाळमिलच्या ड्राइव्हमध्ये 415 व्होल्टची थ्री-फेज लाइन डीसी होऊन साधारण 587 व्होल्टवर कॅपॅसिटरला मिळते. रिकामा कॅपॅसिटर थेट जोडला तर पहिल्या झटक्याला अडवायला लाइनचा किरकोळ रोध सोडून काहीच नसतं, आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर जातो. म्हणून आधी मध्ये एक रेझिस्टर असतो. तो 50 ओहमचा धरला तर सुरुवातीचा करंट 12 अँपिअरच्या आत राहतो. 2000 मायक्रोफॅरड अर्ध्या सेकंदात भरतात, मग रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्या रेझिस्टरला बाजूला करतो. हा रिले चिकटून बसलेला ड्राइव्ह माझ्याकडे आला की दोष शोधायला मला वेळ लागत नाही. बंद केलेल्या ड्राइव्हला मात्र मी पोरांना लगेच हात लावू देत नाही. कॅपॅसिटर ज्यातून रिकामा होतो तो रोध मोठा असतो, म्हणून वेळही मोठा. आधी मीटर लावायचा, मगच पाना.

सुवर्णमहोत्सवानिमित्त लॅबमध्ये नवं सामान येणार आहे असं कळलं. या प्रयोगाचे कॅपॅसिटर, रेझिस्टर आणि बॅटऱ्या सगळ्या टेबलांसाठी मी देतो. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की डिजिटल मीटर आले तरी काट्याचे मोडीत काढू नका. एका टेबलावर तरी तो असू द्या, आणि तो सातवर का थांबला हे मुलांनाच शोधू द्या.