उरलेल्या नक्षीदार कागदांची संक्रांतीची शुभेच्छापत्रे

लग्नपत्रिकांच्या पाकिटांना आतल्या बाजूने जे नक्षीदार अस्तर लावलेले असते, त्याच्याकडे बहुतेकांचे लक्षही जात नाही. लग्नसराईनंतर घरोघरी साठणारी ही पाकिटे रद्दीत जाण्यापूर्वी मी मागून घेते. संक्रांतीच्या शुभेच्छापत्रांसाठी लागणारा निम्मा कागद मला त्यांतूनच मिळतो. बाकीचा भेटवस्तूंच्या वेष्टनांतून आणि वह्या-रजिस्टरांच्या पुठ्ठ्यांना लावतात त्या अबरीच्या उरलेल्या पट्ट्यांतून येतो. पत्रिकेवरच्या गणपतीच्या चित्राला मात्र मी कात्री लावत नाही. ते पान तसेच बाजूला ठेवते आणि पाकिटे देणाऱ्यांनाही तसे आधीच सांगते, कारण नंतर त्यावरून मने दुखावण्यात अर्थ नाही.

उरलेल्या कागदाचे काम करताना आधी कार्डाचा नमुना ठरवून मग त्याला जुळणारा तुकडा शोधत बसणे मला उलटे वाटते. तुकडा केवढा आहे आणि त्यावरची नक्षी किती मोठी आहे, यावरून कार्ड ठरावे. बारीक बुट्टी असलेला कागद अगदी दोन बोटे रुंदीचा उरला तरी चालतो, कारण तेवढ्यातही नक्षी पुरी दिसते. तो घडीच्या कडेने उभा लावला की साडीच्या काठासारखा शोभतो. मोठ्या कोयरीच्या कागदाचे तसे नाही. कोयरी मधोमध कापली गेली तर ती काय होती हेच कळत नाही, म्हणून ती अख्खी कापून मोकळ्या जागेत एकटीच लावावी. अबरीला असे बंधन नाही, कारण पाण्यावर तरंगणाऱ्या रंगांतून उमटलेल्या त्या लाटांना आरंभही नसतो आणि शेवटही नसतो. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी हेच तंत्र थेट चित्रे रंगवण्यासाठी वापरले होते, हे आठवले की तिची चिंधीएवढी पट्टीही टाकवत नाही.

कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्यावा. ए-४ कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाची मधोमध घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरची दोन कार्डे होतात. पण घडी घालण्यापूर्वी कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाहणे आवश्यक आहे. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदातले तंतू बहुतांशी यंत्राच्या धावेच्या दिशेने पडतात. त्या दिशेला समांतर घातलेली घडी सरळ बसते, आडवी घातलेली घडी फुटते आणि तिच्यावर पांढरे तडे दिसू लागतात. कागद लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, तिकडेच घडी घालावी. हातकागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्यामुळे ही अडचण फारशी येत नाही. पुण्याच्या शिवाजीनगर भागात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा, सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळाला तर तोच घ्यावा. घडीची रेघ आधी शाई संपलेल्या बॉलपेनने, स्टीलची पट्टी धरून, दाबून ओढून घ्यावी.

चिकटवताना पातळ फेविकॉल किंवा खळ नक्षीच्या पातळ कागदावर फासू नये. पाण्याने तंतू फुगतात, कागद रुंदीत वाढतो आणि वाळताना आकसून खालचे कार्डही ओढून वाकवतो. अशा कागदाला ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. तुकडा आणि कार्ड यांचा ग्रेन एकाच दिशेने ठेवला आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबले, तर कार्ड सपाट राहते.

रंगांच्या बाबतीत संक्रांतीसारखी मोकळीक दुसऱ्या कोणत्याही सणाला नाही. दिवाळीला काळे कार्ड पाठवले तर घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. संक्रांतीला मात्र काळे वस्त्र मानाचे असल्यामुळे काळ्या जाड कागदावर पांढरी किंवा सोनेरी नक्षी निःशंकपणे लावता येते, आणि पत्रिकांच्या अस्तरांत सोनेरी छपाई तर भरपूर सापडते. आतल्या बाजूला साधा पांढरा कागद लावून तो पूर्ण मोकळा ठेवावा. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ हे हातानेच लिहावे. छापील मजकूर, चमकी आणि प्लॅस्टिकचे मणी यांची मला गरज वाटत नाही. चमकी तर पाकीट उघडणाऱ्याच्या हातांना आणि कपड्यांना लागते.

३०० जीएसएमचे असे एक कार्ड सुमारे सव्वानऊ ग्रॅम भरते. त्यावरचा तुकडा, आतला कागद आणि पाकीट धरूनही ते पोस्टाच्या साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसते. नक्षीच्या कागदाचे पाकीट केले असेल, तर पत्त्यासाठी त्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर अक्षरे नक्षीत हरवतात. कार्डासोबत काटेरी हलव्याची लहानशी पुडी घालण्याची जुनी पद्धत मला आवडते. पण पुडीमुळे वजन पुढच्या टप्प्यात जाऊ शकते आणि पोस्टाच्या शिक्क्याखाली हलव्याचा चुरा होतो. म्हणून परगावी मी नुसते कार्ड पाठवते आणि पुडी गावातल्या मंडळींना कार्डाबरोबर हातात देते.