शिट्टीवाला शॉट

नाचाच्या रिअॅलिटी शोचं एडिटिंग केलेल्या कुणालाही विचारा, 'क्राउड' नावाचं एक बिन, म्हणजे शॉट साठवायचं फोल्डर, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतंच. त्यात टाळ्या, उभं राहून टाळ्या, डोळे पुसणारी आई आणि लावणीच्या फेरीसाठी खास माल: शिट्टी मारणारा, फेटा उडवणारा, शेजाऱ्याला कोपरानं ढोसणारा. यातले बरेचसे शॉट लावणी चालू असताना घेतलेले नसतात. लायटिंग चालू असतं, स्टेजवर कुणी नसतं, आणि फ्लोअर मॅनेजर ओरडतो, "चला, आता शिट्ट्या!" मंडळी रिकाम्या स्टेजकडे बघून शिट्ट्या मारतात. पुढे तोच शॉट मी नाचणारीच्या कमरेच्या क्लोजअपला जोडते. तो तिच्याकडेच बघतोय असं घरी बसलेल्या तुम्हाला वाटतं. ती तेव्हा मेकअप रूममध्ये असते.

त्यामुळे पुण्यात चित्रपट रसास्वादाच्या वर्गात ब्रिटिश सिनेअभ्यासक लॉरा मल्व्हीचा निबंध हातात पडला तेव्हा बाकीचे त्यातल्या फ्रॉइडच्या मनोविश्लेषणापाशी अडले, मला मात्र तो थेट माझ्या टेबलावरचा वाटला. १९७५ साली 'स्क्रीन' या ब्रिटिश नियतकालिकात आलेला हा निबंध. सिनेमात तीन नजरा असतात, ती म्हणते. एक कॅमेऱ्याची, एक प्रेक्षकाची आणि एक पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे. नेहमीचा सिनेमा पहिल्या दोन दडवतो आणि तिसरी पुढे करतो. ती बहुतेक वेळा पुरुषाची असते. त्याच्या डोळ्यांआडून आपण बघतो, आणि बघतोय हे विसरून जातो. बाई पडद्यावर आली की गोष्ट थबकते आणि निव्वळ बघणं सुरू होतं. तिची उदाहरणं हिचकॉक आणि स्टर्नबर्गची. माझ्या डोळ्यासमोर तमाशापट.

१९५९च्या 'सांगत्ये ऐका'त आशाबाईंच्या आवाजावर जयश्री गडकर 'बुगडी माझी सांडली गं' करते. अनंत माने यांचा हा सिनेमा तुफान चालला आणि तमाशापटांची रांग लागली. हळूहळू व्याकरण ठरून गेलं: ढोलकीवर थाप, पायातले चाळ, कंबर, लोडाला रेललेला पाटील, त्याची मिशी, पुन्हा कंबर. गोष्ट तेवढा वेळ बाहेर उभी. 'पिंजरा'मध्ये तर (१९७२) नाचणारीपायी आदर्श मास्तर धुळीला मिळतो आणि हळहळायचं असतं ते मास्तरासाठी. बाईला मखरात बसवा नाहीतर दोष तिच्या माथी मारा, हे मल्व्हीचं निदान इथे इतकं चपखल बसतं की शंका यावी.

शंका मला पुण्यातल्या आर्यभूषण थिएटरात आली. तिथे संगीत बारी बघितली होती, वग नाही, सोंगाड्या नाही, फक्त लावणी. बैठकीच्या लावणीत कलावंत बसूनच असते. स्वतः गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर खेपेला वेगळी अदा. आणि बघते. समोरच्या रांगेतला एक गडी निवडते आणि ओळ संपेपर्यंत त्याला सोडत नाही. मी बघितलं त्या दिवशी तो गडी ओशाळून मोबाइलमध्ये शिरला. ही नजर म्हणजे तिचं कसब आहे, वर्षानुवर्षं घोटलेलं. भूषण कोरगांवकरांच्या 'संगीत बारी' या पुस्तकात या बायका आपल्या कलेविषयी आणि धंद्याविषयी किती स्वच्छ बोलतात ते वाचावं.

पडद्यावर नेमकी हीच नजर हरवते. ती कुणाकडे बघतेय हे दाखवायला मी पाटलाचा शॉट लावला, की ती नजर त्याची झाली. आता तिचं बघणं म्हणजे त्याच्या बघण्याला दिलेलं उत्तर. मध्येच कापलं की संपलं.

अर्थात उलट बघितलं म्हणून ती राणी झाली असंही नाही. फर्माईश करणाऱ्याच्या हातात नोट असते. आणि त्या बैठकीवर कुणी बसायचं हे जन्मानं ठरत आलंय. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी नव्वदच्या दशकात लावणी कलावंतांवर लिहिताना हाच मुद्दा धरला: कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या बायकांचं शरीर सगळ्यांनी बघायचं, आणि त्याच्या विरोधात वरच्या जातीतल्या बाईची मर्यादा उभी करायची. मल्व्हीच्या निबंधात 'स्त्री' एकच आहे. आपल्याकडे एक बघायची आणि एक झाकायची, अशी वाटणीच आहे.

सिनेमानं त्यात भर घातली. बैठकीत गाणारी आणि अदा करणारी एकच असते. पार्श्वगायनानं गळा एकीकडे गेला, कंबर दुसरीकडे. सुलोचना चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन, तसूभर न हलता शृंगारिक लावणी गायच्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, मिळायलाच हवी होती. वाईच्या यमुनाबाई गायच्याही आणि अदाही करायच्या, त्यांनाही २०१२ साली ती मिळाली. पण घरात चारचौघांत 'लावणी आवडते' म्हणताना आपण बहुधा पदरवाल्या लावणीविषयीच बोलत असतो.

माझी आई याला अपवाद. भिशीच्या मैत्रिणींबरोबर ती साताऱ्यात 'फक्त महिलांसाठी' असलेल्या लावणीच्या प्रयोगाला गेली आणि घसा बसवून परत आली. बायका खुर्च्यांवर उभ्या होत्या म्हणे. "शिट्टी कुणी मारली?" विचारलं तर म्हणाली, "मला येत नाही गं, पण कुलकर्णीबाईंना येते." नजर पुरुषाची, हे तिला समजावून सांगायची माझी छाती नाही.

सध्या मी एक करते. नाचणारी लेन्समध्ये बघत असेल तर तो शॉट लांबवते आणि पुढे क्राउड लावत नाही. एका एपिसोडच्या प्रिव्ह्यूला वरून निरोप आला, "ती आपल्याकडेच बघतेय, ऑकवर्ड होतंय, रिअॅक्शन टाक." टाकली. पण तिचे दोन सेकंद वाचवले.

मला सर्वांत जास्त छळतो तो २०१०चा 'नटरंग'. राजा व्हायची स्वप्नं बघणारा पैलवान गुणा फड चालावा म्हणून नाच्या, म्हणजे तमाशातला बायकी हावभाव करणारा पुरुष, होतो. अतुल कुलकर्णीचं ते पिळदार शरीर आपल्यासमोर वितळतं, आणि मग गावाची नजर त्या शरीराचं काय करते ते बलात्कारापर्यंत दिसतं. बघितलं जाणं म्हणजे काय, हे पुरुषाला त्या जागी उभं करून इतकं थेट दाखवलेलं मराठीत मी दुसरं बघितलं नाही. आणि त्याच सिनेमात 'अप्सरा आली' जुन्याच थाटात सजवून समोर ठेवलेली. मल्व्ही म्हणेल, बघण्याचं हे सुख मोडायचंच आहे, निबंध त्यासाठीच लिहिलाय. माझं तिच्याशी तिथे जमत नाही. ते गाणं लागलं की मी आवाज वाढवते, आणि सोनाली कुलकर्णीचा सरळ लेन्समध्ये बघणारा एखादा लांब शॉट त्यात असता तर तो मी कुठे बसवला असता, हे मनातल्या मनात लावून बघते.